शिळा कुणाच्या वाट्याला

ॲरिस्टॉटलचं मृत्युपत्र आज वाचायला मिळतं. डायोजिनीस लेर्शियस या प्राचीन चरित्रकाराने तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिताना ते उतरवून ठेवलं. इ.स.पू. 322 मध्ये वारलेल्या या माणसाने त्यात मुलीच्या लग्नाची व्यवस्था लावली आहे, सोबत राहिलेल्या हर्पिलिसची सोय केली आहे आणि घरातल्या गुलामांचाही विचार केला आहे. आपली सेवा करणाऱ्या मुलांपैकी कुणालाही विकू नये, वयात आल्यावर ज्याची तशी लायकी असेल त्याला मुक्त करावं, असं त्यात आहे. वाचताना एक विचारी, आपल्या माणसांची काळजी वाहणारा गृहस्थ समोर उभा राहतो. याच गृहस्थाने 'पॉलिटिक्स'मध्ये गुलामाला जिवंत अवजार म्हटलं, काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं मांडलं, आणि गुलामांना किंवा जनावरांना 'युडायमोनिया'त वाटा नसतो असंही लिहून ठेवलं. युडायमोनिया म्हणजे त्याच्या मते माणसाच्या आयुष्याचं अंतिम प्रयोजन, सर्वांगाने फुललेलं जगणं.

या दोन गोष्टींत विसंगती आहे असं सहसा म्हटलं जातं. थोर विचारवंत, पण आपल्या काळाच्या मर्यादेत अडकलेला. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. 'निकोमाखियन एथिक्स'मधला त्याचा युक्तिवाद नीट पाहिला तर गुलाम त्या युक्तिवादाच्या पायात उभा असलेला दिसतो. बासरीवाल्याला एक काम असतं, शिल्पकाराला असतं, डोळ्याला आणि हाताला असतं. मग माणसाला माणूस म्हणून काही काम नसेल का, असं तो विचारतो. ते काम म्हणजे विवेकाने जगणं. आणि शेवटच्या, दहाव्या पुस्तकात तो सांगतो की विवेकाचं सर्वोच्च रूप चिंतन आहे, म्हणून चिंतनाचं आयुष्य सर्वांत श्रेष्ठ. चिंतनाला फुरसत लागते. फुरसतीसाठी पाणी भरणारं, दळणारं, विणणारं दुसरं कुणीतरी लागतं. ॲरिस्टॉटलने हे लपवलेलं नाही. विणकराचा धोटा आपला आपण चालला असता तर मालकांना गुलामांची गरज पडली नसती, हे त्याने स्वतःच लिहिलं आहे. म्हणजे त्याला हिशेब ठाऊक होता. एकाच्या आयुष्याचा अर्थ दुसऱ्याच्या आयुष्यातून वजा करून येतो, हे त्याने पाहिलं आणि मान्य केलं.

आयुष्याचा अर्थ काय, हे तत्त्वज्ञांनी अडीच हजार वर्षं विचारलं आहे. तो कुणाला मिळतो, कुणाच्या वाट्याला येऊ दिला जात नाही, हे फार थोड्यांनी विचारलं. दुसरा प्रश्न समाजशास्त्राचा, पहिला तत्त्वज्ञानाचा, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. माझं म्हणणं असं की ही वाटणी खोटी आहे. दुसरा प्रश्न टाळून पहिल्याचं जे उत्तर काढलं जातं, ते अपुरं राहतं एवढंच नव्हे, ते चुकतं.

एपिक्युरसने अथेन्समधल्या आपल्या बागेत गुलामांना आणि स्त्रियांना प्रवेश दिला होता. त्याचा मिस नावाचा गुलाम त्याच्याबरोबर तत्त्वचर्चा करत असे, आणि एपिक्युरसने त्याला मृत्युपत्रात मुक्त केलं. वेदनेपासून आणि भीतीपासून सुटका, मित्रांची सोबत, साधं अन्न, हे त्याचं उत्तर पुढे खादाडांचं तत्त्वज्ञान म्हणून बदनाम झालं. पण बागेला भिंत होती. आतल्यांनी बाहेरच्या जगाच्या भानगडीत पडू नये असाच त्याचा सल्ला होता.

स्टोइकांनी भिंत पाडली. एपिक्टेटस जन्माने गुलाम, आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा, पायाने अधू. नीरोच्या दरबारातल्या एपाफ्रोडिटसच्या मालकीचा. मुक्त झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याच्या शिकवणीचा गाभा सरळ आहे: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, शरीर, मालमत्ता, पद, लौकिक हे हातात नाही, आपला निर्णय, आपली संमती हे हातात आहे, तिथेच आपलं स्वातंत्र्य आणि तिथेच आयुष्याचं सार. एरियन या शिष्याने उतरवून घेतलेली ही प्रवचनं पुढे मार्कस ऑरेलियसच्या हाती पडली, आणि ती हाती देणाऱ्या रस्टिकसचे त्याने आपल्या चिंतनिकेत आभार मानले. 161 ते 180 या काळातला रोमचा सम्राट एका गुलामाकडून जगायला शिकत होता. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात याच्याइतक्या मोठ्या घटना थोड्याच आहेत.

तरीही सम्राटाच्या राज्यात गुलामगिरी तशीच राहिली. सम्राट ढोंगी होता म्हणून नव्हे. त्याला मिळालेल्या उत्तरालाच तिच्या जाण्याची गरज नव्हती. बेडी घालूनही मन मुक्त राहू शकत असेल, तर बेडी तोडायची निकड कुणाला? इथे एक भेद करावा लागतो, आणि पुढच्या सगळ्या विवेचनात तो माझ्या उपयोगी पडणार आहे. 'बेडीतही मी मुक्त आहे' हे गुलामाने स्वतःला सांगितलं तर ते धैर्य आहे. तेच मालकाने गुलामाला सांगितलं तर ती लूट आहे, कारण अंग तर आधीच घेतलं होतं, आता तक्रारही घेतली.

आपल्याकडे या भेदाची सगळ्यात कठीण कसोटी गीतेपाशी लागते. फळाची आस सोडून कर्म करावं, आपल्या वाट्याला आलेलं कर्म हीच पूजा, या विचाराची उंची मी नाकारत नाही. असंख्य माणसांना त्याने उभं ठेवलं आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहून काढलं, 1915 मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि संन्यासाकडे झुकलेल्या भाष्यपरंपरेला त्यांनी कर्मयोगाचं, लोकसंग्रहाचं उत्तर दिलं. कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांच्याशी वाद घालत, बंदिवासात, पेन्सिलीने. एका कैद्याने स्वतःला दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते धैर्य आहे. पण अठराव्या अध्यायात चार वर्णांची कर्मं सांगितली आहेत, ज्याने त्याने आपापल्या कर्मात रत राहूनच सिद्धी मिळवावी असंही सांगितलं आहे, आणि परधर्म कितीही चांगला आचरता आला तरी दोषयुक्त स्वधर्मच बरा, असाही निर्वाळा आहे. गीतेचं नीतितत्त्व एकट्या चातुर्वर्ण्यावर अवलंबून नाही, असं टिळकांचं म्हणणं. समजा ते मान्य केलं. तरी कर्म वाटून देणारा हात कुणाचा, हा प्रश्न कुठल्याही समाजव्यवस्थेत उरतोच. लढाईतून मागे फिरणाऱ्या राजपुत्राला स्वधर्म सांगणं आणि मेलेलं ढोर ओढणाऱ्याला स्वधर्म सांगणं, या दोन वेगळ्या कृती आहेत. श्लोक तेच असले तरी.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न एका नव्या आवाजात ऐकू येऊ लागतो. मी एकटा आहे, मला सगळं मिळालं आहे, आणि तरी कशाला जगायचं? शोपेनहॉवरने 1818 च्या आपल्या ग्रंथात माणसाचं आयुष्य वेदना आणि कंटाळा यांच्यामध्ये झोके घेतं असं म्हटलं. त्याने स्वतःच नोंदलं आहे की अभाव हा सामान्य लोकांच्या पाठीवरचा आसूड आणि कंटाळा हा उच्चभ्रूंच्या. व्यापारी बापाच्या वारशावर जगणाऱ्या माणसाने हे स्पष्ट पाहिलं याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण पाहून तो पुढे गेला; दोन आसूड ओढणारे हात एकमेकांशी संबंधित असतील का, हे त्याने विचारलं नाही.

टॉल्स्टॉयने विचारलं. उशिरा, पण विचारलं. 'वॉर अँड पीस' आणि 'ॲना करेनिना' लिहून झालेल्या, पन्नाशीच्या या माणसाने घरातली दोरी स्वतःपासून लपवून ठेवली आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणं सोडलं, हे त्याने 'कन्फेशन'मध्ये लिहिलं आहे. तिथेच तो एक पौर्वात्य कथा सांगतो. श्वापदाच्या भीतीने प्रवासी कोरड्या विहिरीत उतरतो, तळाशी अजगर, तो एका फांदीला लटकतो, काळा आणि पांढरा उंदीर ती फांदी कुरतडताहेत, आणि पानांवरचे मधाचे थेंब तो चाटतो आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट परकी नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर ती धृतराष्ट्राला सांगतो. युरोपात ती बारलाम आणि जोसाफत यांच्या कथेतून पोचली, आणि ती कथा म्हणजे बुद्धचरित्राचंच ख्रिस्ती रूप. टॉल्स्टॉय म्हणतो, माझे दोन मधाचे थेंब कुटुंब आणि लेखन हे होते. अजगर दिसल्यापासून तेही गोड लागेनात.

त्याला वाट सापडली ती शेतकऱ्यांमध्ये. त्याच्या वर्गातले लोक मरणाला भितात आणि आयुष्याला वैतागतात. कष्ट करणारा शेतकरी दोन्ही शांतपणे स्वीकारतो. म्हणजे अर्थ त्याच्याकडे आहे. हा शोध प्रामाणिक आहे यात मला शंका नाही. पण यास्नाया पोल्यानाचा तो जमीनदार, वारशाने भूदासही मिळालेला. 1861 मध्ये रशियातली भूदासपद्धत संपली त्याला जेमतेम दोन दशकं झाली होती. ज्याच्या घामावर आपण उभे, त्याच्याकडून श्रमच नव्हे तर श्रमाचा अर्थही घ्यावा, हे टॉल्स्टॉयला तेव्हा खटकलं नाही. खटकलं 1882 मध्ये, मॉस्कोच्या जनगणनेत तो गरीब वस्त्यांमध्ये फिरला तेव्हा. त्यातून 'मग आपण काय करावं?' या अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक 1886 मध्ये पूर्ण झालं. त्यात मधाचे थेंब नाहीत. भाडं, मजुरी, पैसा आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून उतरण्याची निकड आहे. 'कन्फेशन' जगभर वाचलं जातं, हे दुसरं पुस्तक फारसं कुणी वाचत नाही. माझ्या मते आयुष्याच्या अर्थाविषयी टॉल्स्टॉयचं खरं पुस्तक हे दुसरं आहे.

नीत्शेबद्दल थोडक्यात. ईश्वर मेला, आता मूल्यं आपणच घडवायची, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना माहीत असतं. 'ग्रीक राज्य' या 1872 च्या छोट्या निबंधात, जो त्याने छापला नाही, त्याने संस्कृतीच्या गाभ्याशी गुलामगिरी असतेच असं स्पष्ट लिहिलं आहे, ते कमी जणांना माहीत असतं. ॲरिस्टॉटलचा हिशेब त्याने उघडपणे पुन्हा मांडला.

आता सिसिफसकडे येतो, कारण विसाव्या शतकाने या प्रश्नाला दिलेला चेहरा त्याचाच आहे. देवांना फसवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली: प्रचंड शिळा डोंगरावर ढकलत न्यायची, शिखराशी पोचली की ती गडगडत खाली येणार, पुन्हा ढकलायची, अनंत काळ. कामूचं त्याच्यावरचं पुस्तक 1942 मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये, प्रसिद्ध झालं. कामूचं लक्ष आहे ते शिळेमागून खाली उतरणाऱ्या सिसिफसकडे. त्या वेळी त्याला सगळं कळत असतं. आशा नाही, देवांविषयी तिरस्कार आहे, आणि हे जाणणं हाच त्याचा विजय. कामू त्याला सुखी मानायला सांगतो. हे आरामखुर्चीतून आलेलं नाही. कामूचा बाप पहिल्या महायुद्धात 1914 मध्ये गेला. त्याची निरक्षर, कानाने अधू आई अल्जीर्समध्ये लोकांच्या घरची साफसफाई करून घर चालवायची. आजचा कामगारही रोज तेच ते काम करतो आणि त्याचं नशीब सिसिफसहून कमी विसंगत नाही, हे त्याने त्या निबंधात लिहिलं आहे.

पण कामगार आणि सिसिफस यांच्यात एक फरक आहे, आणि कामू तो ओलांडून पुढे जातो. सिसिफसच्या शिळेचा कुणाला नफा होत नाही. ती वर गेल्याने कुणाचं घर बांधलं जात नाही, ती खाली आल्याने कुणाचं भाडं बुडत नाही. तो स्वतः राजा होता आणि शिक्षा त्याच्या स्वतःच्या कृत्याची होती. त्याला पोरंबाळं दिसत नाहीत, मुकादम दिसत नाही. खऱ्या जगात निरर्थक कष्टाची शिळा नेहमी कुणाच्या तरी फायद्यासाठी ढकलली जाते. तिच्यामागे विश्वाचं मौन नसतं. नावं असलेली माणसं असतात, सातबारा असतो, करार असतो, जन्माचा दाखला असतो. विश्वाविरुद्ध तिरस्कार करून तिथे काही साधत नाही. कामूला हे पुढे उमगलं असावं. 1951 च्या 'द रिबेल'च्या सुरुवातीलाच आयुष्यभर हुकूम झेललेला आणि एका क्षणी 'नाही' म्हणणारा गुलाम आहे, आणि त्या नकारातून 'मी'च्या जागी 'आपण' येतो.

सिमोन द बोव्हारने 1949 मध्ये सिसिफसला घरात आणलं. पुसलेली फरशी पुन्हा मळते, घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात. घरकामाइतकी सिसिफसच्या यातनेशी मिळतीजुळती कामं फार थोडी आहेत, असं तिने लिहिलं. त्याच्या दोन वर्षं आधी तिने याहून मूलगामी गोष्ट सांगितली होती. दडपणूक जगाचे दोन गट करते: एक गट मानवजातीला पुढे नेतो, आणि दुसऱ्याला जागच्या जागी पावलं आपटत पहिल्याला तोलून धरावं लागतं. माझ्या या लेखातला मूळ विचार मला सर्वांत स्पष्टपणे इथे सापडला. पुनरावृत्ती ही मानवी अवस्था आहे असं म्हणणाऱ्यांना बोव्हार विचारते, कुणाची अवस्था?

मग 1970 मध्ये रिचर्ड टेलर या अमेरिकी तत्त्वज्ञाने एक विचारप्रयोग केला. समजा देवांना दया आली. शिळा तीच, डोंगर तोच. पण त्यांनी सिसिफसच्या शरीरात असं काही द्रव्य सोडलं की त्याला शिळा ढकलण्याचीच अनावर ओढ लागली. आता त्याला रोज जे हवं तेच करायला मिळतं आहे. टेलर म्हणतो, त्याचं आयुष्य बाहेरून होतं तितकंच निष्फळ आहे, पण आतून अर्थ आला. आणि अर्थ येतो तो असा आतूनच, आपल्या ओढीतून. सुझन वुल्फने 2010 च्या पुस्तकात याला विरोध केला. तिच्या मते ओढ हवीच, पण ती ओढ मोलाच्या गोष्टीकडे लागलेली हवी. शिळेने मोहून गेलेल्या सिसिफसचं आयुष्य अर्थपूर्ण म्हणता येत नाही. मी वुल्फच्या बाजूचा आहे. पण दोघांच्याही वादात एक गोष्ट तशीच राहते. ते द्रव्य सोडणारी सुई कुणाच्या हातात आहे? टेलरला ही कल्पना केवळ वैचारिक प्रयोग वाटली. आपल्या समाजात तो प्रयोग शतकानुशतकं चालला आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे जितकं नेमकं पकडलं तितकं मी दुसऱ्या कुठल्या तत्त्वज्ञाकडे वाचलेलं नाही. 1936 च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे असं दाखवलं. आणि लगेच पुढे विचारलं की जिथे माणसाचं मन आणि बुद्धी कामात नाही, काम निवडलेलंच नाही, तिथे कामाला कसला दर्जा येणार? हा युक्तिवाद अर्थशास्त्राचा म्हणून वाचला जातो. तो आयुष्याच्या अर्थाचाही आहे. पुढे 1945 मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्यावरच्या ग्रंथात ते आणखी थेट बोलले: दारिद्र्य फक्त शूद्रासाठी चांगलं, मैला उचलणं फक्त अस्पृश्यासाठी चांगलं असं सांगायचं, आणि लादलेली ही ओझी त्याने स्वखुशीने आयुष्याचं ध्येय म्हणून पत्करावीत अशी व्यवस्था करायची, ही असहाय लोकांची क्रूर थट्टा आहे. टेलरच्या पंचवीस वर्षं आधी बाबासाहेबांनी सुई धरणारा हात दाखवून दिला होता.

गांधींवर अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवं की ते स्वतः संडास साफ करत, आश्रमात सगळ्यांना करायला लावत. स्वतःसाठी निवडलेलं ते व्रत होतं आणि व्रत म्हणून ते थोर होतं. पण ज्याला निवडच नाही त्याच्यापुढे त्याच कामाचं पावित्र्य वर्णन करणं ही वेगळी गोष्ट, हा आंबेडकरांचा आक्षेप आजही जसाच्या तसा उभा आहे. हाताने मैला साफ करण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरी मुंबईसारख्या शहरात गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात. त्यांच्या कामाचा गौरव करणारी भाषणं त्यांना मुखवटा आणि यंत्र देत नाहीत.

या सगळ्यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो व्हिक्टर फ्रांकल या माणसाच्या रूपाने उभा आहे. व्हिएन्नाचा हा मनोविकारतज्ज्ञ 1942 मध्ये तेरेझीनश्टाटच्या छळछावणीत गेला, 1944 मध्ये आउश्वित्झला. आईवडील, भाऊ, बायको सगळी गेली. 1946 च्या पुस्तकात त्याने लिहिलं की सगळं हिरावून घेतल्यावरही परिस्थितीकडे कसं पाहायचं हे निवडण्याचं स्वातंत्र्य उरतं, आणि तिथेही अर्थ सापडतो. मग अर्थ वाटून दिला जातो, हिरावला जातो, हे म्हणणं टिकतं का?

मला वाटतं टिकतं. फ्रांकल जे सांगतो ते स्वतःविषयी आणि आपल्यासोबतच्या कैद्यांविषयी सांगतो. त्याला तो अधिकार आहे. त्याने स्वतःच बजावलं आहे की टाळता येण्याजोगं दुःख सोसण्यात शौर्य नाही, तिथे दुःखाचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण. चांगुलपणा जपणारे बरेचसे परत आले नाहीत, हेही त्याने लिहिलं. व्यवस्थापन शिकवणारे लोक आज त्याचं पुस्तक नोकरदारांना वाचायला देतात, तेव्हा ही वाक्यं गळालेली असतात. आणि फ्रांकलच्या जोडीने सिमोन वेल वाचली पाहिजे. ही पंचविशीतली तत्त्वज्ञानाची शिक्षिका डिसेंबर 1934 ते ऑगस्ट 1935 या काळात पॅरिस परिसरातल्या तीन कारखान्यांत मजूर म्हणून राबली. शेवटचा कारखाना रेनोचा. नगावर मजुरी, डोकेदुखीने बेजार, वेग गाठता येत नाही. तिने रोजनिशीत नोंदलं की यातना टाळायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे विचार करणंच थांबवणं, आणि तो मोह दिवसेंदिवस अनावर होत जातो. बंडाची भावना येईल अशी तिची अपेक्षा होती. आली ती मुकाट सोसण्याची सवय. परिस्थितीकडे कसं पाहायचं हे निवडायला जी शक्ती लागते, तीच काही परिस्थिती काढून घेतात. फ्रांकल टिकला हे खरं, आणि त्याच्याशेजारी जो नाही टिकला त्याने काही चूक केली होती, असं मात्र नाही.

आणखी एक आक्षेप लोक घेतात: गरिबांची आयुष्यं श्रीमंतांपेक्षा जास्त भरलेली असतात. पुष्कळदा हे खरंही असतं. पण ती कशाने भरलेली असतात ते जवळ जाऊन पाहावं. चोखोबांचं आयुष्य विठ्ठलाने भरलेलं होतं, यापेक्षा निखळ अर्थ कुणाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. ते मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना 1338 मध्ये भिंत कोसळून गेले, असं परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. पण त्यांच्याच घरात मुलगा कर्ममेळा आपल्याला या जातीत जन्म का दिला म्हणून देवाला जाब विचारणारे अभंग रचत होता. त्या मंदिराचं दार दलितांना उघडायला साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. बापाला सापडलेला अर्थ मुलाने नाकारला नाही. त्या अर्थाआड दडलेला अन्याय मात्र त्याने झाकू दिला नाही. आजही दुसऱ्यांची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिच्या कष्टांबद्दल विचारलं तर बहुतेक वेळा ती मुलीच्या शाळेबद्दल बोलते. पोरीने हे करू नये म्हणून मी करते. शिळा प्रिय आहे असं ती म्हणत नाही. ती संपवायची आहे, आणि संपवण्यातच तिच्या आयुष्याचं प्रयोजन आहे. तत्त्वज्ञांचा सिसिफस निपुत्रिक असल्यामुळे हे उत्तर त्यांना सुचलं नाही.

म्हणूनच 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाची सुरुवात मला इतकी महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांच्या निधनानंतर 1957 मध्ये मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा त्यांनी प्रस्तावनेतच बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला या गोष्टी तोवर दिसल्या नसतील का, हा त्यांचा प्रश्न. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे आणला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावं लागलं. त्याच प्रस्तावनेत त्यांनी भिक्खू म्हणजे स्वतःपुरता पूर्णत्वाला पोचलेला माणूस की समाजाचा सेवक, असं विचारलं. अभ्यासकांनी यावर परंपरा मोडल्याचा ठपका ठेवला. मला यात एक तात्त्विक निर्णय दिसतो. दुःखाचा प्रश्न जरा आणि मरण यांच्यापासून सुरू केला तर तो एकट्याचा होतो. पाण्यापासून सुरू केला तर तो दोन माणसांमधला होतो. 1927 मध्ये महाडच्या तळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागला नसेल.

मात्र मरण आहेच. सगळ्यांना पाणी मिळालं, कुणाच्या वाट्याला दुसऱ्याची शिळा आली नाही, तरी माणसं म्हातारी होणार, मरणार. तेव्हा काय? हा प्रश्न माझ्या भूमिकेला सर्वांत जास्त अडचणीचा आहे, आणि तो जॉन स्टुअर्ट मिलने 1826 च्या शरद ऋतूत, विसाव्या वर्षी, स्वतःला विचारला. बापाने लहानपणापासून त्याला सुधारणेच्या कार्यासाठी घडवलं होतं. ज्या सगळ्या सुधारणांसाठी तू झटतो आहेस त्या आत्ता, या क्षणी झाल्या तर तू सुखी होशील का? आतून उत्तर आलं, नाही. आयुष्याचा आधारच निखळला. महिनोन्‌महिने तो त्या काळोखात राहिला. हळूहळू सावरला तो वर्ड्‌स्वर्थच्या कवितेमुळे, आणि सुख हे थेट ध्येय केलं तर हाती लागत नाही, दुसऱ्या कशात तरी जीव ओतल्यावर वाटेत सापडतं, या निष्कर्षामुळे.

मिलवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणासाठी. त्याची नोकरी ईस्ट इंडिया कंपनीत होती, आणि 1859 च्या 'ऑन लिबर्टी'मध्ये त्याने मागासलेल्या समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळलं. म्हणजे अर्थ कुणाला, या कसोटीवर तोही नापास होतो. पण 1826 चा त्याचा प्रश्न खरा आहे आणि न्याय मिळाल्याने तो सुटणार नाही, हे मी मान्य करतो. न्याय हा आयुष्याचा अर्थ नव्हे. कवितेची, चिंतनाची, एकांताची गरज त्यानंतरही राहील. वेल तर म्हणत असे की कामगारांना कवितेची गरज भाकरीपेक्षाही जास्त आहे. आणि त्याच वेलला कारखान्यातल्या दिवसांत विचार करण्याचंही त्राण उरत नसे. मिलच्या प्रश्नावरची उत्तरं आजवर ज्यांनी शोधली, त्यांची संध्याकाळ त्यांच्या मालकीची होती. बाकीच्यांना संध्याकाळ मिळाली तर ते याच प्रश्नाला काय उत्तर देतील, हे ॲरिस्टॉटलला ठाऊक नव्हतं आणि आपल्यालाही अजून ठाऊक नाही. कारण त्यांना कुणी विचारलंच नाही.